क्लस्टर डोकेदुखीतील रक्तदाब

एका डोळ्यामागे सळई खुपसावी तशी कळ. डोळा लाल, पाणावलेला, त्याच बाजूची नाकपुडी चोंदलेली. झटका 15 मिनिटे ते 3 तास टिकतो. रुग्णाला पडून राहवत नाही, तो येरझाऱ्या घालतो. या डोकेदुखीला सर्रास अर्धशिशी म्हणतात, ते चूक. वेदनेने रक्तदाब चढतो, बहुधा झटक्याबरोबर उतरतो. मास्कमधून मिनिटाला 12 ते 15 लिटर शुद्ध ऑक्सिजन हा रक्तदाब वाढलेल्यांनाही चालणारा उपाय. झटक्यावरचे औषध सुमाट्रिप्टान मात्र रक्तवाहिन्या आकुंचित करते, म्हणून अनियंत्रित रक्तदाबात व हृदयविकारात वर्ज्य. आकडा 180/120 वर जाऊन छातीत दुखले, बोलणे अडखळले, दृष्टी अंधारली किंवा हातपाय लुळे पडले, तर पुण्यासह महाराष्ट्रात 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी; झटका ओसरण्याची वाट पाहू नये.