मुंबई–दिल्ली हवाई अंतर व प्रवासकाळ

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि दिल्लीचा इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळ यांमधील सरळ हवाई अंतर सुमारे १,१४० किमी. (६१५ सागरी मैल) आहे. राजधानी एक्सप्रेसचा बडोदा, रतलाम, कोटामार्गे जाणारा लोहमार्ग १,३८४ किमी.चा असून त्याला साडेपंधरा-सोळा तास लागतात. विमानाच्या वेळापत्रकात सव्वादोन तासांच्या आसपास वेळ धरलेला असतो.

नकाशावर दोन्ही विमानतळ सरळ रेषेने जोडले, तर ती रेषा जव्हारच्या डोंगराळ भागावरून नवापूर, अक्कलकुव्याकडे सरकते, सातपुड्याच्या टोकाशी नर्मदा ओलांडते आणि अलीराजपूर, मंदसोर, बुंदी, अलवर या गावांच्या जवळून दिल्लीला पोहोचते. म्हणजे धावपट्टी सोडल्यावर महाराष्ट्राची उत्तर सीमा मागे पडायला अर्धा तासही पुरतो. प्रत्यक्ष विमाने नेमून दिलेल्या हवाई मार्गांनी जातात. त्यामुळे उडालेले अंतर थोडे वाढते. दिशा ईशान्येकडे झुकलेली असल्याने सामान्य नियमानुसार दिल्लीकडे जाणारे विमान ३३ किंवा ३५ हजार फुटांसारखी विषम पातळी घेते, तर परतणारे ३४ किंवा ३६ हजारांची सम पातळी. समोरासमोरच्या विमानांत किमान हजार फुटांचे अंतर राहते ते यामुळेच.

तिकिटावरचा वेळ हा विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या टोकाला जागेवर थांबेपर्यंतचा असतो. त्यातला हवेतला भाग दीड ते पावणेदोन तासांचा. उरलेला वेळ धावपट्टीपर्यंत जाण्यात, रांगेत आणि उतरल्यावर जागा गाठण्यात जातो. या मार्गाचा खरा प्रश्न अंतराचा नसून विमानतळांच्या क्षमतेचा आहे. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्याने एका वेळी एकच वापरता येते, आणि गर्दीच्या वेळी उतरू पाहणारी विमाने आकाशात घिरट्या घालत राहतात. दिल्लीत २०२३ पासून चार धावपट्ट्या आहेत. तिथली अडचण डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटेच्या दाट धुक्याची. दृश्यमानता फार घटली की उपकरणांच्या साहाय्याने उतरणे शक्य असले, तरी त्यासाठी विमान आणि वैमानिक दोघेही पात्र असावे लागतात. नाहीतर विमान जयपूर, लखनौकडे वळवले जाते.

टाटांच्या विमानसेवेने १९३७ मध्ये मुंबई–दिल्ली टपाल सुरू केले तेव्हा इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर असे थांबे घ्यावे लागत. आज हा मार्ग जगातल्या सर्वाधिक वर्दळीच्या देशांतर्गत मार्गांत गणला जातो. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. तिथूनही दिल्लीचे हवाई अंतर जवळपास तेवढेच आहे. दिल्लीहून पुढचे विमान गाठायचे असेल, तर हिवाळ्यात सकाळची पहिली फेरी टाळावी आणि दोन विमानांमध्ये किमान चार तास ठेवावेत.