मेणवलीचा वाडा आणि त्याचें दप्तर

वाईहून कृष्णेच्या कांठाकांठानें सुमारें तीन किलोमीटर गेलें म्हणजे मेणवली लागते. गांव लहान, परंतु नदीकडे उतरत गेलेला चंद्रकोरीच्या आकाराचा दगडी घाट, घाटावरचीं विष्णूचें व मेणेश्वराचें अशीं दोन देवळें, आणि त्यांच्यामागें गढीसारखा उभा असलेला सहा चौकांचा वाडा, एवढें दृष्टीस पडलें म्हणजे या गांवाचा संबंध कोणा मोठ्या पुरुषाशीं असला पाहिजे, हें निराळें सांगावें लागत नाहीं. हा वाडा पेशव्यांचे फडणीस बाळाजी जनार्दन भानू, म्हणजेच नाना फडणवीस, यांचा. तो आजहि भानूंच्या वंशजांकडेच आहे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यास पाहतांहि येतो. घर आणि वस्तुसंग्रहालय या दोहोंच्या सीमेवर तो उभा आहे.

नानांचा जन्म १७४२ सालीं सातारा येथें झाला. १७६१ च्या पानिपतांतून ते जिवानिशीं सुटून आले. परंतु बरोबर असलेल्या मातोश्री त्या धांदलींत नाहींशा झाल्या. ही हकीकत त्यांनीं आपल्या छोट्याशा आत्मचरित्रांत लिहून ठेविली आहे. पुढें १७६८ सालीं औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी व साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांजकडून मेणवली त्यांस मिळाली, आणि तेथें त्यांनीं वाडा व घाट बांधविला. १७७४ चें बारभाईंचें कारस्थान, १७८२ चा सालबाईचा तह, १७९५ ची खर्ड्याची लढाई, या सर्व उलाढालींत नानांचें वास्तव्य पुण्यासच असे. तरी संकटाच्या वेळीं त्यांची पावलें याच मुलखाकडे वळत. सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतर गादीचा घोळ माजला, तेव्हां १७९६ सालीं पुणें सोडून ते वाईकडे आले, आणि तेथून महाडास गेले.

वाड्याची ठेवण पेशवाईंतील थोर घराण्यांच्या राहणीस साजेशी आहे. बाहेरून पाहणाऱ्यास उंच भिंतींपलीकडे फारसें कांहीं दिसत नाहीं. आंत पाऊल टाकिलें म्हणजे एकामागून एक चौक उघडत जातात. बाहेरच्या चौकांत लोकांची वर्दळ, आंतील चौकांत घरचीं माणसें. सागवानी खांब, ओसऱ्या, नानांचा म्हणून दाखविला जाणारा पलंग, आणि भिंतींवरील पौराणिक प्रसंगांचीं चित्रें हें सर्व तेथें पाहावयास मिळतें. त्या काळचीं अशीं भित्तिचित्रें फार थोड्या घरांत उरलीं आहेत. ओल व वाळवी यांनीं त्यांचाहि रंग उडत चालला आहे.

घाटावर देवळासमोर एक मोठी पंचधातूची घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृति असून १७०७ हें साल कोरलेलें आहे. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हां तेथील चर्चांच्या घंटा विजयचिन्हें म्हणून देशावर आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांतील घंटा हीहि त्यांतलीच. वसईचा संग्राम पुस्तकांत वाचणें निराळें, आणि कृष्णेच्या कांठीं शिवालयासमोर मेरीची मूर्ति पाहणें निराळें. एका वस्तूनें इतिहास डोळ्यांपुढें उभा राहतो, तो असा.

नाना १३ मार्च १८०० रोजीं पुण्यास वारले. त्यांस मुलगा नव्हता. मागें राहिली ती जिऊबाई, नुकतें बालपण सरत आलेली विधवा. नानांच्या संपत्तीवर दुसऱ्या बाजीरावाचा डोळा होता. लोहगडचा विश्वासू किल्लेदार धोंडोपंत नित्सुरे यानें तिला आश्रय दिला. पुढें जनरल वेलस्ली यानें मध्यस्थी करून इंग्रजांच्या संरक्षणाखालीं तिची पनवेलीस सोय लाविली व सालीना बारा हजार रुपये तनखा ठरला. कालांतरानें मेणवली पुन्हा या घराण्याकडे आली आणि दत्तकानें वंश चालला. ज्या मुत्सद्द्यानें पंचवीस वर्षें राज्य सांभाळलें, त्याचें राज्य बुडालें. पण घर राहिलें. घर राहिलें, कारण त्यांत कोणीतरी राहत होतें.

परंतु मेणवलीचें खरें धन लांकडांत वा दगडांत नव्हतें. तें मोडी कागदांत होतें. पेशवाईंत कचेरी निराळी आणि घर निराळें असा भेद नसे. ज्याचा कारभार, त्याच्या वाड्यांतच त्याचे कारकून बसत आणि तेथेंच कागदांचे रुमाल बांधून ठेवीत. त्यामुळें फडणिसाच्या घरीं राज्याचीं पत्रें, जमाखर्च आणि बातमीदारांचे कागद सांचले. हेंच मेणवलीचें दप्तर. साताऱ्याचे इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्या हातीं तें आलें. त्यांचा संग्रह साताऱ्याच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयांत ठेविला गेला, आणि १९३९ सालीं तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत नेण्यांत आला. तेथें अभ्यासकांस तो आजहि उपलब्ध आहे.

कागद सुरक्षित झाले, हें उत्तमच झालें. वाळवीच्या तोंडीं पडलेलें दप्तर कोणाच्याच उपयोगाचें नसतें. तथापि त्यामुळें वाडा एके ठिकाणीं आणि त्याची वाचा दुसरे ठिकाणीं, अशी स्थिति झाली. चौक पाहणाऱ्यास येथें कोणत्या मसलती शिजल्या तें कळत नाहीं. कागद वाचणाऱ्यास ते कोणत्या छपराखालीं जपले गेले याची कल्पना येत नाहीं. पुण्यांतील नानावाड्याची गोष्ट याहून निराळी. तो घराण्याच्या हातून गेला, तेथें शाळा भरूं लागली, आणि आतां तो महानगरपालिकेकडे आहे. सार्वजनिक संस्थेस डागडुजीचा खर्च झेपतो, पण घराचें घरपण तिला राखतां येत नाहीं. कुटुंबास घरपण राखतां येतें, पण सहा चौकांचीं कौलें दर पावसाळ्यापूर्वीं चाळण्याचा भार त्यास पेलत नाहीं. २००४ सालच्या ‘स्वदेस’ चित्रपटामुळें मेणवलीचा घाट देशभर लोकांनीं पाहिला. मात्र घाट प्रसिद्ध झाल्यानें वाड्याच्या तुळया टिकतात असें नाहीं. घराण्याची मालकी, सरकारची मदत आणि संशोधकांचें ज्ञान या तिन्हींचा मेळ बसेल, तेव्हांच असा वाडा खऱ्या अर्थानें जतन झाला असें म्हणतां येईल. निदान दप्तरांतील निवडक कागदांच्या प्रती, देवनागरी वाचनासह, वाड्याच्या ओसरीवर मांडतां आल्या, तरी त्या मुक्या भिंती बोलूं लागतील.

याच वाईंतील एका जुन्या घरांत सांपडलेल्या कागदांवरून विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड सिद्ध केला आणि पानिपताचा इतिहास नव्यानें लिहिणें भाग पडलें. श्रोत्यांपैकीं कित्येकांच्या गांवच्या घरीं माळ्यावर असे रुमाल अजून असतील. ते वाचतां येत नाहींत, म्हणून ते रद्दींत जातात. वाचतां न येणारा कागद निरुपयोगी नसतो. त्याला वाचणारा अद्याप भेटलेला नसतो. तो भेटेपर्यंत कागद कोरड्या जागीं ठेवावा, आणि तो कोणत्या घरांतून, कोणत्या कोनाड्यांतून निघाला, तें एका चिठीवर लिहून त्याबरोबर बांधावें. मेणवलीनें शिकविलेला धडा एवढाच आहे.