तळटीप १७ : निजामशाही कट्यार

१७. कट्यार : मुठीत आडव्या दांड्यांना धरून भोसकण्याचे रुंद पात्याचे आखूड शस्त्र, लढाईइतकेच दरबारी मानाचे. अहमदनगरची (आताचे अहिल्यानगर) निजामशाही १४९० ते १६३६ अशी टिकली. त्या काळातली म्हणून दाखवली जाणारी प्रत्येक कट्यार तेवढी जुनी नसते. पारख पात्यापासून करावी. पाणीदार पोलादावरची लाटांची नक्षी धातूच्या अंगातच असते. घासून पुसट झाली तरी सौम्य आम्लाने पुन्हा उठते. नकलेत ती नुसती पृष्ठभागावर काढलेली असल्याने घासताच कायमची जाते. सोन्याच्या कोफ्तगरीत, विशेषतः झिजलेल्या जागी, तार पकडून ठेवणाऱ्या बारीक उभ्याआडव्या रेघा भिंगाखाली दिसतात. साध्या मुलाम्याखाली त्या नसतात. सर्वत्र एकसारखा तांबूस गंजही संशयास्पद. कोरलेले नाव किंवा सन एवढ्यावर कधीच विसंबू नये, कारण जुन्या पात्यावर अक्षरे नंतरही कोरता येतात. मात्र मूठ नंतरची म्हणून पाते खोटे ठरत नाही : जुन्या शस्त्रागारांतही चांगली पाती नव्या मुठींत बसवली जात. शंभर वर्षांहून जुनी कट्यार १९७२च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते. खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही.