एका केबलमधली साठ वर्षे

शिकागो शहर विषुववृत्ताच्या उत्तरेला ४१.८८ अंशांवर आणि ग्रिनिचच्या पश्चिमेला ८७.६३ अंशांवर आहे. पोलिसांचे, अग्निशमन दलांचे बिनतारी संदेश ऐकवणाऱ्या रेडिओ स्कॅनरमध्ये हे आकडे भरताना 'पश्चिम'च्या जागी 'पूर्व' पडले, की स्कॅनरच्या लेखी शिकागो थेट चीनच्या शिनच्यांग प्रांतात जाऊन बसते. मग मोटारीच्या टपावरचा जीपीएस रिसीव्हर कितीही इमानाने जागा सांगत राहिला, तरी शिकागोच्या अग्निशमन दलाचा एक शब्दही ऐकू येत नाही. स्कॅनर धडधाकट असतो. आपण शिकागोपासून हजारो किलोमीटर दूर आहोत, एवढीच त्याची पक्की समजूत झालेली असते.

स्कॅनरला जीपीएस जोडणाऱ्या अमेरिकी हौशी मंडळींना अशा बिघाडांची यादी तोंडपाठ असते. त्यातल्या एकेका बिघाडाच्या मुळाशी गेले तर टेलिप्रिंटर भेटतो, मासेमारीची बोट भेटते, आयबीएमचा संगणक भेटतो आणि अमेरिकेचे हवाई दलही भेटते. निरनिराळ्या काळात, निरनिराळ्या कामांसाठी घेतलेले निर्णय या दोघांना जोडणाऱ्या हातभर केबलमध्ये एकत्र आले आहेत आणि त्यांचे आपसात नेहमी जमतेच असे नाही.

मराठी वाचकाला पोलिसांचे संदेश ऐकण्याचा हा छंद अपरिचित वाटेल, कारण भारतात १९३३ च्या इंडियन वायरलेस टेलिग्राफी कायद्याने परवान्यावाचून बिनतारी यंत्र बाळगण्यालाच मनाई केली होती. अमेरिकेत गोष्ट वेगळी घडली. डेट्रॉइट पोलिसांनी ७ एप्रिल १९२८ पासून गस्तीच्या मोटारींना नियमित बिनतारी संदेश द्यायला सुरुवात केली. संदेश एकतर्फी होते. मोटारीतल्या शिपायाला उत्तर द्यायचे तर टेलिफोन गाठावा लागे. वापरलेली लहर मात्र नेहमीच्या रेडिओ केंद्रांच्या किंचित वर होती. घरच्या सेटचा काटा टोकापर्यंत फिरवला की चोरी, अपघात, मारामाऱ्या थेट दिवाणखान्यात ऐकू येत. लोकांची आवड ओळखून १९३०च्या दशकात रेडिओ कंपन्यांनी सेटच्या तबकडीवर 'पोलीस' असा वेगळा पट्टाच छापला. १९३४ च्या दळणवळण कायद्याने ऐकलेला मजकूर इतरांना सांगण्यावर आणि त्याचा स्वतःसाठी फायदा उठवण्यावर बंधन आणले, पण नुसते ऐकणे चालू राहिले.

पुढे पोलीस वरच्या लहरींवर गेले. कनेक्टिकट राज्याच्या पोलिसांनी १९४० मध्ये दुतर्फी एफएम यंत्रणा उभारली आणि हळूहळू घरगुती सेट निरुपयोगी ठरू लागले. ती पोकळी एकामागून एक फ्रिक्वेन्सी आपोआप चाळणाऱ्या स्कॅनरने भरली. इंडियाना राज्यातल्या कंबरलंड गावच्या इलेक्ट्रा कंपनीचे 'बेअरकॅट' स्कॅनर १९७०च्या दशकात घरोघरी पोचले. सुरुवातीला प्रत्येक फ्रिक्वेन्सीसाठी एकेक क्रिस्टल विकत घेऊन आत बसवावा लागे. दशक संपेपर्यंत बटणे दाबून फ्रिक्वेन्सी भरता येऊ लागली. १९८०च्या दशकात हे नाव युनिडेन या जपानी कंपनीकडे गेले.

पोलीसही स्वस्थ नव्हते. मोठ्या शहरांनी 'ट्रंकिंग' स्वीकारले: मोजक्या फ्रिक्वेन्सी सगळ्या खात्यांत सामाईक, आणि कोणाला केव्हा कोणती द्यायची हे संगणक ठरवणार. एकाच संभाषणातली दोन वाक्ये दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सींवर जाऊ लागली. या पळापळीमागे धावणारा पहिला हौशी स्कॅनर युनिडेनने १९९७ मध्ये आणला. आता स्कॅनरच्या पोटात नुसत्या फ्रिक्वेन्सी राहिल्या नाहीत. टॉवर, कंट्रोल चॅनेल, खात्यांचे क्रमांक असा मोठा संसार आला.

आणि हा संसार दर कौंटीला बदलतो. अमेरिकेत तीन हजारांहून अधिक कौंट्या आहेत; प्रत्येकीचा शेरीफ वेगळा, यंत्रणा बहुधा वेगळी. तीन-चार तासांच्या प्रवासात पाच-सहा कौंट्या सहज ओलांडल्या जातात. पूर्वी लांबच्या प्रवासाला निघालेला श्रोता रेडिओ शॅकच्या दुकानातून 'पोलीस कॉल' हे फ्रिक्वेन्सींचे जाडजूड पुस्तक घेई आणि थांबेल तिथे पाने उलटी. गाडी चालवता चालवता हे करणे धोक्याचे होते. २००५ नंतरच्या काही वर्षांत युनिडेनने त्यावर तोड काढली. प्रत्येक यंत्रणेपुढे अक्षांश, रेखांश आणि त्रिज्या लिहायची. जीपीएस सांगेल ती जागा त्या वर्तुळात असेल तर यंत्रणा चालू, बाहेर गेली की बंद. २०१० च्या 'होमपेट्रोल'मध्ये तर देशभराची माहिती आधीच भरून आली.

जीपीएसचा पहिला उपग्रह २२ फेब्रुवारी १९७८ रोजी सोडला गेला तेव्हा तो लष्करी प्रकल्प होता. १ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकलेले कोरियाचे प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानाने पाडले आणि २६९ माणसे मेली. त्यानंतर रेगन सरकारने ही यंत्रणा नागरी वापरासाठी खुली करण्याचे जाहीर केले. नागरी संकेतात मुद्दाम मिसळलेली चूक मे २००० मध्ये काढण्यात आली. तोवर जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे दिसे. स्कॅनरला त्या अचूकतेचे फारसे सोयरसुतक नव्हते, कारण त्याची वर्तुळे कित्येक किलोमीटरची असतात. पण चूक निघाल्यावर मोटारीतल्या दिशादर्शकांचा बाजार फोफावला, रिसीव्हर स्वस्त झाले आणि स्कॅनरवाल्यांच्या हाती आले.

त्याच १९८३ साली आणखी एक गोष्ट घडली, जिची बातमी कुठे झाली नाही. अमेरिकेतल्या नॅशनल मरीन इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशनने, म्हणजे बोटींवरची उपकरणे बनवणाऱ्या-विकणाऱ्यांच्या संघटनेने, 'एनएमईए ०१८३' हे मानक प्रसिद्ध केले. खोली मोजणारे यंत्र, लोरान या रेडिओ दिशादर्शन यंत्रणेचा रिसीव्हर आणि सुकाणू सांभाळणारे यंत्र वेगवेगळ्या कंपन्यांचे असले तरी त्यांना एकमेकांचे समजावे, एवढाच हेतू होता. वेग ठरला ४८०० बॉड. माहिती साध्या अक्षरांत जायची: आधी डॉलरचे चिन्ह, मग कोण बोलतो आहे ते, मग स्वल्पविरामांनी तोडलेले आकडे. एका ओळीची लांबी जास्तीत जास्त ८२ अक्षरे. जीपीएसने हीच रीत उचलली आणि भर वाळवंटात फिरणारा स्कॅनरही बोटीवरच्या शिस्तीने जागा ऐकू लागला.

बिघाड शोधणारा माणूस म्हणूनच पहिल्यांदा वेग तपासतो. बोटींसाठी ४८०० ठरले, पण पुढची अनेक जीपीएस मोड्यूल मुळातच ९६०० वर बोलतात. दोन्ही टोकांचा आकडा जुळला नाही तर अक्षरांचा नुसता कचरा येतो. दुसरी तपासणी भाषेची. गार्मिनच्या जुन्या हातातल्या जीपीएसमध्ये कंपनीची स्वतःची पद्धत आधीपासून निवडलेली असे. मेनूत जाऊन ती एनएमईएवर आणावी लागे. सर्फ कंपनीच्या चिपा असलेले रिसीव्हर एखाद्या संगणक प्रोग्रॅमने बायनरी पद्धतीत टाकले, की कधी कधी तिथेच अडकून बसत. रशियाचे ग्लोनास उपग्रहही वापरणारे रिसीव्हर आल्यावर ओळीच्या सुरुवातीचे 'जीपी' जाऊन 'जीएन' आले, आणि फक्त 'जीपी' शोधणाऱ्या जुन्या यंत्रांना समोर चालू असलेली बडबड दिसेनाशी झाली.

तारांचा इतिहास याहून जुना. आरएस-२३२ हे मानक १९६० चे, टेलिप्रिंटरसारखी यंत्रे मोडेमला जोडण्यासाठी आखलेले. त्यात एक टोक टर्मिनलचे आणि दुसरे मोडेमचे असे गृहीत धरलेले आहे. जीपीएस आणि स्कॅनर हे दोघेही संगणकाला जोडण्यासाठी बनवलेले असले तर दोघेही मोडेमच्या बाजूचे ठरतात: बोलणारी पिन बोलणाऱ्या पिनेला भिडते आणि ऐकायला कोणीच उरत नाही. दोन तारा उलटसुलट केल्या की काम होते. आयबीएमने १९८४ च्या पीसी-एटीवर नऊ पिनांचा जोड आणला. तोच स्कॅनरच्या मागे दिसतो. त्यात वीज पुरवणारी पिनच नाही. म्हणून सीरियल जीपीएसला पाच व्होल्ट वेगळे द्यावे लागतात, बहुधा मोटारीच्या लायटरच्या खाचेतून. किल्ली फिरवून इंजिन बंद केले की पुष्कळ गाड्यांत ती वीजही जाते.

यूएसबीने १९९६ नंतर हा गुंता सोडवला आणि वेगळाच केला. यूएसबीत एका टोकाला 'यजमान' लागतो. यूएसबीचा जीपीएस यजमान नसतो, आणि बरेच स्कॅनरही नसतात. दोन पाहुणे समोरासमोर बसले तर चहा कोण टाकणार? बाजारातला सर्वांत सहज मिळणारा यूएसबी जीपीएस विकत आणून हिरमुसलेले स्कॅनरवाले म्हणूनच थोडे नाहीत.

रिसीव्हर बोलतो आहे की नाही हे संगणकाला जोडून पाहणे हा सरळ उपाय, पण तिथेही जुने विंडोज गंमत करत असे. सीरियल पोर्टवरून सतत काही येते आहे हे पाहून ते जीपीएसला 'बॉलपॉइंट' माउस समजे. पडद्यावरचा बाण अंगात आल्यासारखा नाचू लागे, खिडक्या आपोआप उघडत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन तो खोटा माउस बंद केल्यावर मग टर्मिनलवर ओळी वाचता येत. जागा सांगणाऱ्या 'आरएमसी' ओळीत 'ए' दिसला तर जागा मिळाली आहे. 'व्ही' दिसला तर तार ठीक, आकाश नाही. उपग्रहांकडून माहिती सेकंदाला ५० बिट इतक्या संथ गतीने येते, आणि सगळ्या उपग्रहांचे पंचांग उतरवून घ्यायला साडेबारा मिनिटे लागतात. गच्चीखाली उभ्या गाडीत स्कॅनरला नावे ठेवण्याआधी मोकळ्या जागेत थोडे थांबावे लागते.

आकडे वाचण्यातही गफलत होते. एनएमईएच्या ओळीत शिकागोचा अक्षांश ४१ अंश ५२.८ मिनिटे असा, अंश आणि मिनिटे सलग चिकटवून येतो. कोणी त्याला ४१.५२८ अंश समजून स्कॅनरमध्ये भरला तर वर्तुळ सुमारे ३९ किलोमीटर दक्षिणेला सरकते.

तारखेचा दोष सर्वांत उशिरा उघड होतो. जीपीएस आठवडे मोजतो, आणि मूळ आराखड्यात त्यासाठी दहाच बिट ठेवले होते. १,०२४ आठवडे झाले की मोजणी पुन्हा शून्यावर येते. ऑगस्ट १९९९ मध्ये ती पहिल्यांदा आली, एप्रिल २०१९ मध्ये दुसऱ्यांदा. दुसऱ्या वेळी न्यू यॉर्क महापालिकेचे स्वतःचे बिनतारी जाळे काही दिवस कोलमडले. कित्येक जुने रिसीव्हर तेव्हापासून जागा बरोबर आणि तारीख वीस वर्षांपूर्वीची सांगतात.

केबल निर्दोष असूनही काहीच ऐकू न येण्याचे कारण अलीकडे वेगळेच असू शकते. डेन्व्हरच्या पोलिसांनी २०१९ मध्ये आपली संभाषणे कूटबद्ध केली. न्यू यॉर्कच्या पोलिसांनी २०२३ मध्ये ब्रुकलिनपासून सुरुवात केली. पत्रकारांनी विरोध केला, पण पिना बदलून सुटणारा हा प्रश्न नव्हे. विमाने, हवामान खाते, अनेक ठिकाणची अग्निशमन दले आणि रेल्वे अजून उघड्यावर बोलतात. रेल्वेप्रेमींना जीपीएसचा उपयोग विशेष होतो, कारण १६० ते १६१ मेगाहर्ट्झमधले चॅनेल मार्गागणिक बदलतात. स्कॅनरचे वर्तुळ गोल आणि लोहमार्ग मात्र लांबलचक, त्यामुळे एका मार्गासाठी रुळांच्या कडेने लहान लहान वर्तुळांची ओळ मांडावी लागते, आणि प्रत्येक वर्तुळाच्या रेखांशापुढे 'पश्चिम' लिहिले आहे ना, हे पुन्हा तपासावे लागते.