सफरचंद आणि जांभूळ

इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र ही तीन भावंडे एका चुलीवर आणून त्यांना 'सामाजिक अभ्यास' असे एकत्र कुटुंबाचे नाव देण्याची चाल मूळची अमेरिकेतली. 1916 साली तिथल्या राष्ट्रीय शिक्षण संघटनेच्या एका समितीने या विषयाचा आराखडा प्रसिद्ध केला आणि चांगला नागरिक घडवणे हे त्याचे ध्येय ठरवले. आपल्याकडे मुदलियार आयोगाने 1952-53 मध्ये माध्यमिक शाळांसाठी हाच विषय सुचवला. मग पदवीधर शिक्षकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयांत तो कसा शिकवावा हेही शिकवणे आले. पाठटाचण, नकाशे, क्रमाने विचारायचे प्रश्न, मागच्या बाकावर बसलेल्या प्राध्यापकांसमोर घ्यायचे सराव पाठ, असा सगळा सरंजाम सुरू झाला.

ध्येय उत्तम होते; पण त्याचा उगम पाहिला की मन थबकते. त्या समितीचे अध्यक्ष टॉमस जेसी जोन्स हे पूर्वी व्हर्जिनियातील हॅम्प्टन येथे शिकवीत. गुलामगिरीतून सुटलेल्यांसाठी 1868 साली निघालेली ही संस्था. तिथेच त्यांनी सामाजिक अभ्यासाचा पाठ्यक्रम आखला होता. मात्र त्याच व्हर्जिनियाने 1902 च्या राज्यघटनेत डोईपट्टीसारख्या अटी घालून बहुसंख्य कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावून घेतला. वर्गात नागरिकत्वाचे धडे आणि बाहेर मतपेटीला कुलूप! अशा मुलांना सबुरीचा उपदेश करणे म्हणजे शिक्षण काय?

हा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर लावून धरला, ते कार्टर वुडसन पूर्वी गुलाम असलेल्या आईवडिलांच्या पोटी 1875 मध्ये जन्मले. तरुणपणी कोळशाच्या खाणीत राबून, विसाव्या वर्षी ते माध्यमिक शाळेत दाखल झाले आणि 1912 मध्ये हार्वर्डचे डॉक्टर झाले. मधली काही वर्षे, 1903 पासून, ते फिलिपाईन्समध्ये शिक्षक होते. ही बेटे तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होती. 1901 साली एकाच जहाजातून सुमारे 500 अमेरिकन शिक्षक तिथे उतरले होते. पुढे 1933 च्या आपल्या ग्रंथात वुडसन यांनी तिथली एक हकिगत सांगितली आहे. नामांकित विद्यापीठांत अध्यापनपद्धती शिकून आलेले कित्येक शिक्षक तिथे अपयशी ठरले. यश आले एका विमावाल्याला! त्याने शिक्षणशास्त्राचे एक पुस्तकही वाचलेले नव्हते. पण त्याला माणसे कळत होती. मुलांनी कधी न पाहिलेले सफरचंदाचे झाड हलवण्याचे गाणे त्याने बदलले आणि रोज हलवायच्या झाडाचे नाव त्यात घातले. ते झाड 'लोंबॉय', म्हणजे आपले जांभूळच. इतिहासातही त्याने त्यांच्याच होसे रिसालची कथा सांगितली. देशाच्या स्वातंत्र्यासाठी रिसालने 1896 मध्ये प्राण दिले होते.

यावरून प्रशिक्षण व्यर्थ, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण चुकीचे आहे. वुडसन स्वतः विद्वान होते. त्यांनी 1926 मध्ये कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा सप्ताह सुरू केला आणि 1937 पासून शिक्षकांना उपयोगी पडेल असे नियतकालिक चालवले. त्यांचा रोख पद्धतीवर नव्हता. समोरच्या मुलाला न ओळखता वापरलेल्या पद्धतीवर होता.

आपल्याला हे परके वाटू नये. 1873 मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील दास्यमुक्ती घडवणाऱ्यांना अर्पण करणाऱ्या जोतीराव फुल्यांनी, 1882 साली हंटर आयोगापुढे जवळजवळ हेच मांडले होते. शिक्षक प्रशिक्षित हवेत. पण शक्यतो शेतकरी वर्गातले, लोकांत मिसळणारे, वेळ पडल्यास नांगर किंवा वाकस हाती घेताना न लाजणारे हवेत, अशी त्यांची मागणी होती.

म्हणून प्रशिक्षण घेणाऱ्या तरुण शिक्षकाने पाठटाचण जरूर नीट लिहावे; मात्र त्याआधी शाळेच्या गावातून एक फेरी मारावी. कराचा धडा ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या पावतीपासून सुरू करता येतो. महाडच्या शाळेत समतेचा धडा चवदार तळ्याच्या काठी घेता येतो. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी तिथे पाणी प्यायले. तिथे एखादा मुलगा विचारील, "गुरुजी, तोपर्यंत का पिऊ देत नव्हते?" या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही टाचणात लिहिलेले नसते. ते मुलाच्या डोळ्याला डोळा देऊन, काही न लपवता सांगता आले, तरच तो शिक्षक आपला विषय शिकला असे म्हणावे.