माळवदाचा दोष

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती पोचवून गावे निजली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारीला भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादेत सुमारे १०,००० माणसे गेली. दगडमातीच्या रुंद भिंती नि वरचे जड माळवद ज्यांनी ऊन अडवले, तीच अंगावर आली. हलक्या झोपड्या बऱ्याच तगल्या.

गवंड्याला दोषी ठरवणे सोपे. पण आमच्या नांदेडकडे तशीच माळवदे उभी राहिली. तिथल्या गवंड्याला मी कुशल म्हणतो. हात सारखेच, फरक दैवाचा! तेव्हा त्या अजाण गवंड्याला बोल लावू नये. मात्र कळल्यावरही जो तशीच भिंत रचील, तो भूकंप न होताही अपराधीच.