मुलींचे लग्नाचे वय आणि शारदा कायदा

वयात आलेल्या मुलीला डिंकाचे लाडू, अळिवाची खीर असे पौष्टिक देण्याची आपल्याकडे रीत आहे. पण एके काळी याच वयात तिच्यापुढे बाळंतपण उभे राही. त्यावर लाडवांचा काय उपाय! चौदा-पंधराव्या वर्षी ओटीपोटाची हाडे पुरती वाढलेली नसतात. मूल अडते, रक्तदाब वाढून झटके येतात, बाळ कमी वजनाचे निपजते. हा धोका टाळण्यासाठी कायदा कसकसा होत गेला, ती हकीगत सांगावयाची आहे.

आपल्या मुलुंडाहून लोकलने थोड्या वेळात कल्याण येते. तेथे १८६५ साली जन्मलेली यमुना नवव्या वर्षी गोपाळराव जोशांची आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला, तो दहा दिवसांत गेला. पुढे ती अमेरिकेस जाऊन डॉक्टर झाली, हे सर्वांना पाठ आहे. बाळंतिणीचे वय मात्र वाचताना आपण भरभर ओलांडतो.

त्याच सुमारास मुंबईत रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले. त्या वयात येताच गर्भाधानाचा विषय निघाला, पण सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांनी ते होऊ दिले नाही. कायद्याच्या आधी एका बापाने घरातच घातलेला हा बांध मला फार मोलाचा वाटतो. पुढे नवऱ्याने फिर्याद केली. १८८७ साली कोर्टाने ‘नांदावयास जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा’ असा हुकूम दिला, तेव्हा बाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ साली तडजोड झाली. रखमाबाईही डॉक्टर झाल्या.

त्या वेळी, १८६० च्या दंडसंहितेप्रमाणे, नवऱ्याच्या बळजबरीपासून मुलीला संरक्षण होते ते फक्त दहा वर्षांपर्यंत. १८९० साली कलकत्त्यात फुलमणी या मुलीचा खटला गाजला. नवऱ्याच्या बळजबरीने ती मेली होती. पण दहा वर्षे पुरी झालेली असल्याने तो गुन्हा त्याला लागू होईना! १९ मार्च १८९१ रोजी ही मर्यादा बारा झाली. परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, म्हणून टिळकांनी विरोध केला. भांडारकरांनी शास्त्राधार काढून पाठिंबा दिला. लोकमान्यांविषयी पूर्ण आदर ठेवूनही मला येथे भांडारकरच पटतात.

लग्नाचेच वय ठरविणारा कायदा १९२९ साली झाला. देवलांच्या ‘शारदा’ नाटकावरून त्याचे नाव पडले असे पुष्कळांना वाटते. तसे नाही, तो मांडणारे अजमेरचे हरबिलास सारडा होते. मुलीला चौदा, मुलाला अठरा. अंमल १ एप्रिल १९३० पासून. तेव्हा मधल्या सहा महिन्यांत देशभर लगीनघाई उडाली. माझी आजी त्याच घाईतली. अक्षता पडताना आपल्याला झोप लागली होती, असे ती हसून सांगे. पहिल्या दोन मुलांविषयी मात्र ती कधी बोलली नाही.

हा कायदा लुळा होता. पोलिसांना आपण होऊन काही करता येत नसे. तक्रार करणाऱ्याकडूनच शंभर रुपयांपर्यंत जामीन घेत. त्या काळी एवढी रक्कम कोण भरणार? १९४९ साली मुलीचे वय पंधरा झाले, १९७८ साली अठरा. ठरलेले लग्न आधीच थांबविण्याचा अधिकार कोर्टाला १९३८ च्या दुरुस्तीनेच मिळाला होता.

आणि तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वयाच्या दर शंभर स्त्रियांत सुमारे बावीस जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. ‘स्थळ चांगले आहे, दहावी नंतर देईल,’ हे शब्द आपल्या कानांवरूनही गेले असतील. मुलांसाठीचा १०९८ हा टेलिफोन क्रमांक फुकट आहे. त्यावर शेजारणीनेही खबर दिली तरी चालते. जामीन कोणी मागत नाही.